मोत माउलीचा नवस आणि नियतीचा पेच

माणूस जे करतो ते स्वतःच्या मर्जीने करतो की ते आधीच ठरलेले असते, या एका प्रश्नाच्या पोटात निदान तीन प्रश्न आहेत. पहिला दैववादाचा : काहीही केले तरी होणारे होणारच का? दुसरा कार्यकारणाचा : प्रत्येक घटना आधीच्या घटनांतून अटळपणे निपजते का? तिसरा जबाबदारीचा : केल्या कृत्याचा जाब माणसाला कधी विचारावा आणि कधी विचारू नये? या विषयावरचे वाद बहुधा भरकटतात ते हे तिन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वांद्र्याच्या माउंट मेरीच्या टेकडीवर दर सप्टेंबरात असंख्य माणसे कृतीने देतात. ८ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा भरते. सध्याची चर्चची इमारत १९०४ची आहे, पण देवस्थान त्याहून पुष्कळ जुने. कोळ्यांची ही मोत माउली, आणि तिच्या दाराशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच येतात. टेकडीच्या रस्त्यावर मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला स्वतःची खोली हवी तो घर वाहतो. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी मेणाची विमानेही मिळतात.

नवस बोलणाऱ्याला सहसा दैववादी समजतात. वास्तविक तो दैववादाच्या अगदी उलट टोकाला उभा असतो. ‘पोर बरे झाले तर अमुक करीन’ या बोलण्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. पोराचे काय होणार हे अजून पक्के झालेले नाही, ही एक. आणि नवस फेडणे न फेडणे आपल्या हातात आहे, ही दुसरी. जे करणे टळूच शकत नाही त्याचे वचन कोणी देत नाही. खरा दैववादी ही टेकडी चढणारच नाही.

तरी एक अडचण उरते. देव सर्वज्ञ असेल तर पोर बरे होणार की नाही हे त्याला आरंभापासून ठाऊक आहे. मग मागणे मागून काय बदलणार? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने यावर जे उत्तर दिले तेच कॅथलिक परंपरेत रुजले. प्रार्थनेने देवाची योजना बदलत नाही. अमुक गोष्ट प्रार्थनेच्या द्वारेच घडावी, हेही त्या योजनेतच असते. उत्तर चतुर आहे. पण प्रार्थना करायची की नाही हे कोण ठरवते, हा प्रश्न त्याने एक पायरी मागे ढकलला जातो, सुटत नाही.

तो सोडवण्याचा सर्वांत मोठा खटाटोप ज्या संघाने केला, त्याचा वांद्र्याशी जवळचा संबंध आहे. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज चर्च १५७५मध्ये पोर्तुगीज राजवटीत जेझुइट पाद्र्यांनी उभारले. त्याच सुमारास पोर्तुगालमध्ये एव्होरा येथे शिकवणारा लुइस द मोलिना हा जेझुइट मानवी इच्छा आणि ईश्वरी ज्ञान यांचा मेळ घालण्यात गुंतला होता. युरोपात कॅल्व्हिनचे अनुयायी सांगत होते की कोणाचा उद्धार होणार आणि कोणाचा नाही हे देवाने आधीच ठरवले आहे. उलट, आदमच्या पतनानंतर मनुष्याची स्वतंत्र इच्छा नष्ट झाली हे मत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७मध्ये त्याज्य ठरवले होते. मोलिनाचा ग्रंथ १५८८मध्ये लिस्बनला छापला गेला. त्याचे म्हणणे असे : कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत आपखुशीने काय करील हे देव जाणतो, आणि ते जाणून जगाची मांडणी करतो. निवड माणसाचीच राहते. डॉमिनिकन पंडितांना हे मुळीच पटले नाही. यात देव माणसाच्या निर्णयाच्या मागे मागे चालणारा ठरतो, असा त्यांचा आक्षेप होता. रोममध्ये वर्षानुवर्षे वाद झडले. अखेर १६०७मध्ये पोप पाचव्या पॉलने कोणत्याच पक्षाला बरोबर किंवा चूक न ठरवता वाद थांबवला. चारशे वर्षांत त्यावर निकाल आलेला नाही, आणि टेकडीवरच्या मेणाचे त्यावाचून काही अडलेलेही नाही.

भारतीय परंपरेत निखळ नियतिवाद सांगितला तो आजीवक पंथाने. बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन असलेला या पंथाचा आचार्य मक्खली गोसाल याच्या मते प्रयत्नाला काहीच अर्थ नव्हता. सुताचा गुंडा फेकला की तो जसा उलगडत जातो, तसे आयुष्य ठरल्याप्रमाणे उलगडते. आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत. त्यांचे म्हणणे आपल्याला कळते ते मुख्यतः प्रतिपक्षाच्या तोंडून, तेव्हा ते थोडे राखूनच घ्यावे. बौद्ध आणि जैन दोघांनीही हा मार्ग खोडून काढला. ‘योगवासिष्ठा’ने तर दैव म्हणजे पूर्वीच्या स्वतःच्याच प्रयत्नांचे फळ असे सांगून पुरुषार्थाला वर बसवले. मराठीत रामदासांचा सगळा भर प्रयत्नावर आहे.

कर्मसिद्धान्ताची गाठ मात्र याहून अवघड आहे, आणि मराठीत ती सर्वांत नेटाने हाताळली ती टिळकांनी. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी त्यांनी आपण निर्दोष असल्याचे सांगून, माणसांची आणि राष्ट्रांची नियती चालवणाऱ्या वरच्या शक्तींचा हवाला दिला होता. वरच्या शक्तींवर भार टाकणाऱ्या याच माणसाने मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि त्याच्या दहाव्या प्रकरणात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा हिशोब मांडला. संचित (साठलेले), प्रारब्ध (फळ देऊ लागलेले) आणि क्रियमाण (आज चाललेले) हे कर्माचे नेहमीचे तीन भाग. त्यातला क्रियमाण हा वेगळा भाग टिळकांना मान्य नाही, कारण आज जे चालले आहे तेही प्रारब्धाचाच परिणाम. म्हणजे माणसाला सुटकेची जी फट सामान्यतः दाखवली जाते, ती त्यांनी स्वतःच बुजवली. मग स्वातंत्र्य उरते कुठे? त्यांच्या मते ते कर्माच्या साखळीत शोधायचेच नाही. आत्मा त्या साखळीबाहेरचा आहे, आणि मोक्षाकडे, चांगल्याकडे वळण्याची त्याची प्रेरणा बुद्धीवर काम करते. ज्याला असा आत्मा मान्य नाही त्याला हे उत्तर पुरणार नाही. पण पेच झाकून न ठेवता तो पुरता आवळून मग सोडवायला घेण्याची ही रीत दाद देण्याजोगी आहे.

सुरुवातीचा दुसरा, कार्यकारणाचा प्रश्न विज्ञानात १८१४मध्ये लाप्लासने मांडला. विश्वातल्या प्रत्येक कणाची आजची स्थिती आणि त्यावरची बले जाणणाऱ्या बुद्धीला सारे भविष्य दिसेल, असे तो म्हणाला. यातून एक गैरसमज जन्मला की जे ठरलेले आहे ते वर्तवताही आलेच पाहिजे. २६ जुलै २००५चा पाऊस याचा चांगला प्रतिदाखला आहे. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात जेमतेम ७३. मिठी नदी वांद्रे पूर्वेच्या वस्त्यांत शिरली. ढग भौतिकीचे नियम मोडून बरसले नव्हते. तरीही एवढा पाऊस नेमका तिथेच पडेल हे आदल्या दिवशी कोणी सांगू शकले नाही. आरंभीच्या स्थितीतला नगण्य फरक पुढे प्रचंड वाढतो, हे एडवर्ड लोरेन्झने १९६३मध्ये हवामानाच्याच समीकरणांवरून दाखवले होते. भाकीत करता येत नाही म्हणून गोष्ट मुक्त ठरत नाही, आणि ठरलेली आहे म्हणून ती पंचांगात वाचता येत नाही.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर जयंत नारळीकरांची चाचणी आठवावी. त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसह हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे पत्रिका जमवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ज्योतिषांना विचारले. एकावन्न ज्योतिषी तयार झाले, सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासाच्या आसपास आले असते.

पुंजभौतिकीत कणांचे वर्तन मुळातच संभाव्यतेचे असते, म्हणून इच्छेला तिथे जागा सापडते असे काही जण मानतात. हा आसरा कच्चा आहे. मेंदूतला एखादा कण योगायोगाने इकडचा तिकडे झाला आणि त्यामुळे हात उचलला गेला, तर ते कृत्य माणसाचे झाले नाही, योगायोगाचे झाले.

मेंदूविज्ञानातला गाजलेला प्रयोग बेंजामिन लिबेटचा, १९८३चा. मनाला येईल तेव्हा मनगट हलवा आणि तशी इच्छा झाल्याचा क्षण घड्याळावर टिपा, असे त्याने माणसांना सांगितले. हालचालीआधी सुमारे ५५० मिलिसेकंदांवर मेंदूतली तयारी सुरू झालेली दिसे. इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधीची. यावरून मेंदू आधीच ठरवतो आणि मालकाला मागाहून कळवतो, असा बोभाटा झाला. खुद्द लिबेट तसे म्हणत नव्हता. शेवटच्या क्षणी हालचाल रोखण्याची मुभा जाणिवेकडे असते असे त्याचे मत होते. पुढे २०१२मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ती ‘तयारी’ म्हणजे मेंदूतल्या सततच्या चढउतारांची सरासरीही असू शकते. शिवाय उगाच मनगट हलवणे आणि घर विकणे हे एकाच जातीचे निर्णय नव्हेत.

कायदा वेळ मोजतो तो तासांत. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाबद्दल चाललेल्या नानावटी खटल्यात बचाव असा होता की पत्नीच्या कबुलीने आरोपीचा स्वतःवरचा ताबा सुटला. सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये तो फेटाळला : कबुली आणि गोळीबार यांच्यात सुमारे तीन तास गेले होते, आणि तेवढा वेळ भानावर येण्यास पुरेसा होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिताही जुन्या दंड संहितेचीच मोजमापे वापरते. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाबाबत त्याची समज पाहिली जाते. मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत हे ज्याला कळतच नव्हते तो सुटतो. न कळत किंवा जबरदस्तीने ज्याला नशा करवली गेली, त्यालाही अशीच सूट मिळू शकते. आपखुशीने प्यायलेल्याला नाही, कारण त्याचे स्वातंत्र्य ग्लास उचलताना शाबूत होते. यातल्या एकाही कलमाला विश्व आधीच ठरलेले आहे की नाही हे जाणून घ्यावे लागत नाही. कृत्य समजून केले का, दडपणाशिवाय केले का, कारणे पुढे ठेवली तर हा माणूस वेगळा वागू शकला असता का, एवढे पुरते. कार्यकारण आणि स्वातंत्र्य दोन्ही एकत्र नांदू शकतात असे मानणारे तत्त्वज्ञ हेच सांगतात, आणि आजवरच्या उत्तरांत त्यांचे सर्वांत टिकाऊ वाटते.

हीच कसोटी वांद्रे पूर्वेला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात रोज लागते. परस्परसंमतीने घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याची संमती बळजबरीने, फसवणुकीने किंवा गैरप्रभावाने मिळवलेली नाही ना, हे हिंदू विवाह कायद्यानुसार न्यायालयाला पाहावे लागते. लग्नापूर्वी छत्तीस गुण जुळले होते का, हे तिथे कोणी विचारत नाही. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची तरतूद आहे. दोघांपैकी एकाचे मन पालटले तर त्याला संमती मागे घेता यावी, हा तिचा हेतू. समेटाची आशा उरलीच नसेल तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितले. हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती कायम असावी लागते.