आधी ड्रेनेज, मग डांबर

रस्त्याची पाहणी रविवारी सकाळी करायची, कारण आडव्या लावलेल्या दुचाक्या हलवायला मालक घरी सापडतात. कोथरूडमधल्या आमच्या गल्लीची समिती म्हणजे बहुतेक निवृत्त मंडळी आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी. टेप तिच्याकडे. “काका, टोक घट्ट धरा, खोलीपण लिहा,” ती बजावते. नुसतं ‘मोठा खड्डा’ लिहिलेल्या अर्जावरून कनिष्ठ अभियंत्याला खर्चाचा अंदाज काढता येत नाही.

पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. एवढ्यात अख्खा रस्ता होत नाही, पण पदपथाचा तुकडा किंवा पावसाळी गटाराची जाळी होते. त्याआधी एक चौकशी हवीच: रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का? सोसायटीचा खासगी असेल तर सगळी मोजमापं फुकट.

खरा घोळ असतो क्रमाचा. आज डांबर, महिन्याभराने ड्रेनेजसाठी खोदाई, पुणेकरांना हे पाठ आहे. म्हणून आधी पाणी, ड्रेनेज, वीज आणि केबलवाल्यांचं काही काम बाकी आहे का, ते लेखी विचारायचं. दुसरा मुद्दा पातळीचा. जुना थर न खरवडता नवा चढवला की रस्ता उंच होतो, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि पावसाचं पाणी पार्किंगमध्ये शिरतं. आमच्याकडे एका जिन्याची खालची पायरी अशीच डांबराखाली गेली आहे. ‘थर खरवडून मगच डांबरीकरण’ हे वाक्य अर्जात घालायचंच. पाणी कुठे तुंबतं त्याचे फोटो मात्र भर पावसात काढायचे. कोरड्या रस्त्यावर उतार कळत नाही. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

बाकांची मागणी मी खोडून काढली. बाक बसवणं सोपं म्हणून सगळे तेच मागतात.

पदपथ मोजताना गप्पा थांबल्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्याकडे ती अडते फाटकांपुढे गाड्या चढवण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या उतारांनी. त्यातले दोन उतार समितीच्याच सदस्यांचे. मुलीने तेही आकड्यांसकट वहीत लिहिले. अर्जात घालायचे की नाही, यावर चहा संपेपर्यंत वाद झाला आणि विषय पुढच्या रविवारवर गेला.