निरपराध्याचे भय

आल्फ्रेड हिचकॉक हे नाव उच्चारताच ज्यांच्या डोळ्यांसमोर ‘सायको’मधील स्नानगृह किंवा ‘व्हर्टिगो’मधील घंटाघराचा जिना उभा राहतो, त्या रसिकांपैकी फार थोड्यांनी त्याचा १९५६ सालचा ‘दि राँग मॅन’ हा कृष्णधवल चित्रपट पाहिलेला असतो. आणि तरीही, ज्या भयाचे मर्म हा दिग्दर्शक आयुष्यभर शोधत राहिला, ते सर्वांत निखळ स्वरूपात त्याला येथेच गवसले, असे माझे ठाम मत आहे. स्वतःच्या चित्रपटांत क्षणभर डोकावून जाण्याची त्याची रीत सर्वश्रुत आहे. येथे मात्र तो आरंभीच छायाकृतीप्रमाणे समोर उभा राहतो आणि ही हकीकत खरी असल्याची ग्वाही देतो.

ती खरीच होती. न्यूयॉर्कच्या ‘स्टॉर्क क्लब’मध्ये वाद्यवृंदात बास वाजवणारा ख्रिस्तोफर इमॅन्युएल बॅलेस्ट्रेरो, ज्याला सारे ‘मॅनी’ म्हणत, तो पत्नीच्या अक्कलदाढांच्या उपचारासाठी तिच्या विम्यावर कर्ज मिळते का हे विचारण्यास विमा कचेरीत गेला, आणि पूर्वी तेथे दरोडा घालणारा इसम हाच, असे तेथील कारकून स्त्रियांस वाटले. एवढ्यावरून १९५३ च्या जानेवारीत त्याला अटक झाली.

या पुढील अर्धा तास म्हणजे चित्रपटाचा आत्मा होय. पोलीस अंमलदार मारहाण करीत नाहीत, शिवीगाळ करीत नाहीत. उलट, निरपराध माणसास भिण्याचे कारण नाही, असे समजुतीच्या स्वरात सांगत ते त्याला एकेका दुकानात आत जाऊन परत चालत येण्यास फर्मावतात, आणि दरोडेखोराने दिलेल्या चिठ्ठीचा मजकूर त्याच्याकडून लिहवून घेतात, तेव्हा मूळ चिठ्ठीत झालेली वर्णलेखनाची चूक नेमकी त्याच्याही हातून होते. येथे कोणीही खोटे बोलत नाही. साक्षीदार प्रामाणिक आहेत, अंमलदार कर्तव्यनिष्ठ आहेत, जाबजबानी नियमानुसार चालली आहे. आणि म्हणूनच त्या यंत्रणेविरुद्ध फिर्याद कोणाकडे करावी, हे त्या बिचाऱ्याला उमजत नाही. हेन्री फोंडाने हा माणूस इतक्या संयमाने उभा केला आहे की त्याचा आक्रोश केवळ त्याच्या खाली झुकलेल्या दृष्टीतून जाणवतो: कैद्यांच्या गाडीत त्याला, आणि त्याच्याबरोबर आपल्याला, इतरांची पादत्राणेच तेवढी दिसतात. कोठडीत तो डोळे मिटून भिंतीला टेकतो, तेव्हा छायालेखक रॉबर्ट बर्क्सचा कॅमेरा त्याच्याभोवती अधिकाधिक वेगाने घिरट्या घालू लागतो, आणि बर्नार्ड हरमनचे संगीत त्या भोवऱ्यात प्रेक्षकालाही ओढून नेते.

जामिनावर सुटल्यावर आपल्या निर्दोषत्वाचे साक्षीदार शोधण्याची त्याची धडपड आणि खटल्याचा भाग मला काहीसा रूक्ष वाटतो. पण त्याच सुमारास कथेचा भार नकळत पत्नी रोझकडे सरकतो, आणि व्हेरा माइल्स या अभिनेत्रीने तेथे जे साधले आहे त्याला तोड नाही. आपल्या दाढांपायीच हे अरिष्ट ओढवले, या विचाराने ती हळूहळू आतून विझत जाते. एका रात्री ती केसांचा ब्रश पतीवर उगारते, आरसा तडकतो, आणि त्यात त्याचा चेहरा दुभंगलेला दिसतो.

पुढे मॅनी येशूच्या तसबिरीसमोर प्रार्थना करीत असता, त्याच्याच चेहऱ्यावर रस्त्याने चालत येणाऱ्या खऱ्या गुन्हेगाराचा चेहरा सावकाश उमटतो, आणि दोघांतले साम्य पाहून साक्षीदारांना दोष देण्याचे धाडस आपल्याला उरत नाही. मॅनी निर्दोष ठरतो. परंतु ती शुभवार्ता घेऊन तो मनोरुग्णालयात ठेवलेल्या रोझकडे जातो तेव्हा तिच्या मनाला त्या वार्तेचा स्पर्शही होत नाही. दोन वर्षांनी ती पूर्ण बरी झाली, असे अखेरीस पडद्यावर अक्षरांत लिहून येते. ती वाक्ये नसती तर बरे झाले असते, असे मला वाटते. कारण न्यायालय आरोप मागे घेऊ शकते, पण त्या आरोपाने घरात शिरून जे केले त्याची भरपाई कोणत्याही हुकूमनाम्याने होत नाही, हे रुग्णालयातील प्रवेशाने आधीच निर्विवादपणे सिद्ध केलेले असते.