झाकण मिटलं, म्हणून लॅपटॉप झोपला असं नाही

गेल्या पावसाळ्यात एसटीनं पुण्याहून कोल्हापूरला निघालो. निघताना बॅटरी ८४ टक्के होती. झाकण मिटलं, लॅपटॉप सॅकमध्ये टाकला. साताऱ्याच्या पुढे सॅक मांडीवर घेतली तर चांगली धग लागत होती. उघडून पाहिलं तर ६१ टक्के. शेजारी बसलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरानं तिथल्या तिथे निदान केलं, "काका, लिनक्स आहे ना? मग असंच होणार."

हा सगळ्यांत लाडका गैरसमज. दोष लिनक्सचा कधीकधी असतोही, पण सरसकट नाही. कोल्हापुरात पोचल्यावर मी जर्नलसीटीएल या आज्ञेनं कर्नलच्या नोंदी उघडल्या. लॅपटॉप झोपताना कर्नल ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ अशी ओळ लिहितो आणि जाग आली की ‘सस्पेंड एक्झिट’. एकाच प्रवासात अशा चाळीसेक जोड्या निघाल्या. कारण शोधायला वेळ लागला नाही. बिनतारी माउसचं इवलंसं डोंगल यूएसबीत तसंच राहिलं होतं आणि माउस त्याच सॅकमध्ये होता. प्रत्येक खड्ड्याला माउस हलायचा, लॅपटॉप दचकून उठायचा, झाकण बंद आहे हे कळलं की थोड्या वेळानं पुन्हा आडवा व्हायचा. लिनक्स बिचारा त्याला थोपटून झोपवतच होता.

त्या नोंदीत ‘सस्पेंड एंट्री’च्या पुढे कंसात एक शब्द असतो, आणि खरी मेख तिथेच आहे. काही मशिनांवर तो ‘डीप’ असतो, काहींवर ‘एस-टू-आयडल’. सस्पेंड म्हणजे एकच एक झोप, ही समजूत इथे संपते. ‘डीप’ ही जुनी एस-थ्री झोप. तिच्यात प्रोसेसर आणि जवळजवळ सगळं बंद होतं, फक्त रॅम धुगधुगीवर राहते. एस-टू-आयडल ही सावध झोप. मशीन खऱ्या अर्थानं बंद होत नाही. प्रोसेसर निवांत बसतो आणि एकेक भाग आपापल्या परीनं वीज कमी करतो. सगळे भाग गप्प झाले तरच वीजवापर तळाला जातो. एखादी एसएसडी किंवा वायफायचं कार्ड अडून बसलं, तर पडदा काळा दिसतो पण आत दिवा जळत राहतो.

ही सावध झोप लिनक्सवाल्यांनी मागून घेतलेली नाही. फोनसारखं झोपेतही मेल यावं, उघडताक्षणी तयार असावं, म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१२च्या विंडोज ८मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणलं, विंडोज १०मध्ये त्याचं ‘मॉडर्न स्टँडबाय’ झालं. मग लॅपटॉप कंपन्यांनी एस-थ्री देणंच हळूहळू सोडलं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बहुतेक लॅपटॉपांत ती सापडत नाही. सॅकमध्ये तापलेल्या विंडोज लॅपटॉपांची रडगाणीही कमी नाहीत.

"कर्नलला एक पॅरामीटर दे, डीप झोप येते," असा सल्लाही हमखास मिळतो. अर्धा खरा आहे. ‘सिस’ फोल्डरात ‘पॉवर’ आणि त्यात ‘मेम-स्लीप’ नावाची फाइल आहे. तिच्यात दोन्ही शब्द दिसले तर तुम्हाला निवड आहे. कंसातला शब्द चालू असलेला. एकटा एस-टू-आयडल दिसला, तर फर्मवेअर एस-थ्री देतच नाही आणि कितीही पॅरामीटर लिहिले तरी आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. काही वेळा किल्ली बायोसमध्ये असते. २०१८च्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनमध्ये एस-थ्री नव्हती. नंतरच्या बायोस अपडेटमध्ये झोपेचे दोन पर्याय आले, ‘विंडोज १०’ आणि ‘लिनक्स’. दुसरा निवडला की एस-थ्री मिळते.

निवड नसेल तर निदान मोजून घ्या. कर्नल ६.४पासून ‘पॉवर’मधल्या ‘सस्पेंड-स्टॅट्स’ फोल्डरात ‘लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप’ ही फाइल असते. गेल्या झोपेतला किती वेळ हार्डवेअर खरोखर झोपलं होतं, ते ती मायक्रोसेकंदांत सांगते. रात्रभर लॅपटॉप मिटलेला आणि इथे शून्य, म्हणजे रात्र जागून काढली. हिशेब सोपा आहे: ५० वॉट-तासांची बॅटरी, झोपेत अर्धा वॉट खर्च, तर दहा तासांत दहा टक्के जाणार. हे चालण्यासारखं आहे. तोच खर्च पाच वॉट झाला तर सकाळी लॅपटॉप उठणारच नाही.

यावर उतारा हायबरनेटचा. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहायचं आणि मशीन पूर्ण बंद. "त्यानं एसएसडी झिजते" ही भीती मला पटत नाही. रोज एकदा ८ जीबी लिहिले तरी वर्षाला तीन टीबीसुद्धा होत नाहीत, आणि ५०० जीबीच्या साध्या एसएसडीची हमीसुद्धा शंभर टीबीच्या पुढे असते. अडचण वेगळीच आहे: रॅमची ही प्रतिमा डिस्कवरच्या स्वॅपमध्ये ठेवावी लागते. फेडोरा ३३पासून स्वॅप झेड-रॅमवर, म्हणजे रॅममध्येच असतो. वीज गेली की तोही जाणार, मग प्रतिमा ठेवायची कुठे? डिस्कवर वेगळा स्वॅप करावा लागतो. शिवाय सिक्युअर बूट चालू असेल तर फेडोरा आणि उबुंटूचे कर्नल हायबरनेट अडवतात. हे जुळवता आलं तर ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’ हा पर्याय सोन्यासारखा: आधी झोप, ठरलेल्या वेळानं पूर्ण बंद.

वीज वाचवणारे टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हे दोन्ही प्रोग्राम लावले की दुप्पट बचत, हेही डोक्यातून काढा. दोघं एकाच सेटिंगवर भांडतात, एकच ठेवा. झोपेतली गळती ते थांबवतील ही आशाही नको, त्यांचं काम मुख्यतः लॅपटॉप जागा असतानाचं. आणि बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपत नाही, तो बिघाड नव्हे. सिस्टिम-डीची मूळ सेटिंगच तशी आहे.

नवा लॅपटॉप घेणार असाल तर पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन जा, दुकानातच सुरू करा आणि मेम-स्लीपची फाइल उघडून बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.