कोरियन शिकताय? मग हे जुळे शब्द बघाच!

कोरियन शब्दसंग्रहाचा मोठा हिस्सा चिनी मुळांपासून आलाय. चिनी भाषेतले सूर मात्र आजच्या प्रमाण कोरियनमध्ये नाहीत. त्यामुळे कितीतरी वेगळी चिनी अक्षरं एकाच उच्चारावर येऊन थांबली. 'सु' म्हणजे पाणी, हात, संख्या आणि डोकंसुद्धा!

काही जोड्या बघा:

🔹 सुदो – राजधानी / नळाचं पाणी
🔹 सागो – अपघात / विचार
🔹 बांगह्वा – आग लावणं / आग रोखणं
🔹 योनपे – सलग पराभव / सलग विजेतेपद

'उइसा' तर खासच. डॉक्टर, इरादा आणि देशासाठी प्राण देणारा वीर, असे तिन्ही अर्थ! १९०९ मध्ये हार्बिन स्थानकावर जपानी नेते इतो हिरोबुमींवर गोळ्या झाडणारे आन जुंग-गन कोरियात 'उइसा' म्हणून ओळखले जातात. इथे अर्थ डॉक्टर नाही, हुतात्मा.

हांगुल लिपीत हे शब्द लिहितातही सारखेच. अर्थ लागतो तो संदर्भावरून. म्हणून सुटे शब्द घोकू नका, मूळ धरा. पाण्याचा 'सु' ओळखीचा झाला की सुयंग (पोहणं), होंगसु (पूर), सुजोकग्वान (मत्स्यालय) पटापट लक्षात राहतात.

तुम्हाला माहीत असलेली जोडी कमेंटमध्ये नक्की लिहा!

#कोरियनभाषा #शब्दवेड