अंगणातली रुई उपटू नका!

नांदेडच्या तरोड्यात काय, लातूरच्या औसा रोडला काय, नवं घर बांधलं की आधी फरशी, मग लॉन. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात तरी रोज पाणी मागणारं गवत लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्यापेक्षा कुंपणालगत आपोआप उगवलेली रुई राहू द्या. नारिंगी पंखांचं, काळ्या किनारीचं एक फुलपाखरू तिच्या पानांवर एकेक करून अंडी घालतं. अळी रुईची विषारी पानं खाऊनच वाढते. ते विष तिच्या अंगात मुरतं, पुढं फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. फक्त चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. लहान मुलं असतील तर जास्तच जपा.

कढीपत्ता आणि लिंबू तर घरोघरी असतात. त्यांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर फवारणी करू नका. थोडी मोठी झाली की ती हिरवीगार होते. चार पानं जातील, पण फुलपाखरू मिळेल.

जागा मोठी असेल तर बहावा, बोर, पळस लावा. माघ-फाल्गुनात पळस फुलला की शिंजीर आणि साळुंक्या मधासाठी येतातच. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून रोप जरा उंचवट्यावर लावा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्या आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. तो पाला जाळू नका, त्यात किडे राहतात आणि ते टिपायला दयाळ येतो.