जिल्हा परिषद : लोकांची की प्रशासकाची?

विधानसभेचे अधिवेशन आठवडाभर पुढे गेले तर राज्यभर गदारोळ होतो. जिल्हा परिषदेचे सभागृह काही वर्षे रिकामे राहिले तर मात्र त्याची वार्ता तालुक्याच्या शिवेबाहेर जात नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हा परिषदांच्या सदस्यांची निवड फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०२५ साल सरेपर्यंत पुढील निवडणूक झाली नाही. पाच वर्षांसाठी निवडलेल्या सभागृहानंतर पावणेचार वर्षे सभागृहच नसावे, ही गोष्ट लोकशाहीच्या हिशेबात किरकोळ मानता येणार नाही. ब्रह्मपुरीसारख्या तालुक्यात शाळा, दवाखाना, नळयोजना आणि तलाव ही सरकारची चार रूपे रोज दिसतात, आणि या चारही रूपांचा धनी जिल्हा परिषद हाच आहे.

जनपद सभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत

ब्रह्मपुरीला स्थानिक स्वराज्य नवे नाही. १८७४ साली चांदा जिल्ह्याच्या मूल, वरोरा आणि ब्रह्मपुरी अशा तहसिली पाडण्यात आल्या, तेव्हापासून हे गाव कारभाराचे ठिकाण आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ साली द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने जनपद योजना अमलात आली. जुन्या जिल्हा कौन्सिली आणि लोकल बोर्डे मोडून प्रत्येक तहसिलीसाठी एक जनपद सभा निर्माण करण्यात आली. सत्तेचे केंद्र जिल्ह्यावरून तहसिलीवर आणण्याचा तो प्रयोग होता. त्यात दोष पुष्कळ होते आणि पैसा तर फारच थोडा होता. परंतु कारभाराचे अंतर बैलगाडीच्या टप्प्यात यावे, ही त्यामागची दृष्टी मोलाची होती.

पुढे बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली देशापुढे त्रिस्तरीय पंचायत राज्याची कल्पना मांडली. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर वसंतराव नाईक समितीने तिचा विचार करून वेगळा निष्कर्ष काढला. विकासाचे नियोजन करण्यास तालुका लहान पडतो, तज्ज्ञ अधिकारी आणि पुरेसा पैसा जिल्ह्याच्याच पातळीवर एकत्र आणता येतो, असे या समितीचे मत पडले. त्यानुसार १९६१ चा अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकाऱ्याला या रचनेबाहेर ठेवण्यात आले. आमदार-खासदारांनाही सदस्यत्व दिले गेले नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी हा सनदी नोकर आणि अध्यक्ष हा लोकांचा प्रतिनिधी, अशी ही जोडी होती. यशवंतराव चव्हाणांच्या काळात रुजलेल्या या व्यवस्थेचे देशभर कौतुक झाले, ते उगाच नव्हे.

मतदाराच्या दृष्टीने ही रचना सोपी आहे. जिल्ह्याचे निवडणूक गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाचे दोन गण होतात. ग्रामीण मतदार एक मत गटातील जिल्हा परिषद सदस्यासाठी आणि दुसरे गणातील पंचायत समिती सदस्यासाठी देतो. २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात ५६ आणि गडचिरोलीत ५१ गट होते. पंचायत समित्यांचे सभापती जिल्हा परिषदेत पदसिद्ध सदस्य म्हणून बसतात. तेथे स्थायी समिती आणि शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण इत्यादी विषय समित्या असतात. सर्वसाधारण सभा गाजते, पण खरे काम समित्यांत होते. कोणत्या शाळेची खोली आधी, कोणता रस्ता नंतर, हे ठरते ते तेथेच.

तलावाचा धनी कोण?

सदस्य नसले तर नेमके काय अडते, असा प्रश्न सुशिक्षित माणूसही विचारतो. पगार निघतात, शाळा भरतात, लसीकरण होते. मग सभागृहाची उणीव ती कोणती? या प्रश्नाचे उत्तर ब्रह्मपुरी परिसरातील तलावांपाशी मिळते.

पूर्व विदर्भाचा हा धानाचा पट्टा मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांवर उभा राहिला. मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जिल्हा परिषदा आल्यावर शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेल्या लहान तलावांची देखभाल त्यांच्याकडे आली. लोक त्यांना आजही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजार गेला तरी त्याचे नाव राहिले; त्याची पाळ राखण्याची जबाबदारी मात्र कागदावर एकाची आणि व्यवहारात कोणाचीच नाही, अशी अवस्था अनेक ठिकाणी झाली. जुन्या निस्तार हक्कांमुळे पाण्याचा आकार वसूल करणे अवघड, त्यामुळे तलावाचे स्वतःचे उत्पन्न नाही. उत्पन्न नाही म्हणून दुरुस्ती अनुदानावर अवलंबून, आणि अनुदान कोणत्या तलावाला द्यायचे हा निवडीचा प्रश्न.

ही निवड केवळ तांत्रिक नसते. ऑक्टोबरात धान निसवते आणि पाऊस दगा देतो, तेव्हा शेतकऱ्याला तलावातील पाणी हवे असते. त्याच तलावात मासेमारी संस्थेने बीज सोडलेले असते आणि ढिवर कुटुंबांना त्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी राहायला हवे असते. बुडीत क्षेत्रात कोणीतरी अतिक्रमण करून शेती केलेली असते. त्याला तलाव पूर्ण भरूच नये असे वाटते. गुरांच्या पाण्याचा विचार करणारा चौथा पक्ष वेगळाच. गाळ किती काढायचा आणि पाळ किती उंच बांधायची, हे अभियंता सांगू शकतो. पाणी कोणाला आणि किती काळ, याचा निवाडा अभियंत्याने करावयाचा नसतो. तो अशा माणसाने करावयाचा असतो, ज्याला पुढच्या निवडणुकीत त्या चारही पक्षांच्या दारी जायचे आहे. सदस्याची खुर्ची रिकामी असते, तेव्हा हा निवाडा थांबत नाही. तो फक्त लोकांच्या नजरेआड होतो.

आरक्षणाचे गणित

निवडणुका लांबल्या त्या आरक्षणाच्या वादामुळे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निर्णय दिला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण समर्पित आयोगाच्या पाहणीवर आधारलेले हवे, ते प्रत्येक संस्थेपुरते ठरवले पाहिजे आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या पुढे जाता कामा नये, अशा तीन अटी त्यात सांगितल्या गेल्या. या अटी न्याय्य आहेत की नाहीत, याविषयी मतभेद असू शकतात. पण वनजिल्ह्यांत त्यांचा परिणाम काय होतो, हे २०११ च्या जनगणनेचे आकडे स्पष्ट करतात. गडचिरोलीत अनुसूचित जमाती सुमारे ३९ टक्के आणि अनुसूचित जाती सुमारे ११ टक्के आहेत. म्हणजे निम्म्याची मर्यादा तेथेच संपते. चंद्रपुरात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १८ आणि १६ टक्के आहे. त्यात २७ टक्के मिळवले की बेरीज साठाच्या घरात जाते. आदिवासींचा हक्क घटनेने दिलेला, तर ब्रह्मपुरी भागातील कुणबी, तेली, ढिवर या समाजांची अपेक्षाही अनाठायी म्हणता येत नाही. दोन वंचितांना एकाच बाकावर बसवून बाक लहान आहे असे सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला, तरी वाद मिटला नाही. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला; पुढे सप्टेंबरात ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. नगरपरिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. ज्या जिल्हा परिषदांत आरक्षण निम्म्याच्या पुढे जाते, त्यांचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

हा रोग जुना आहे, हेही विसरता कामा नये. १९६२, १९६७ आणि १९७२ या वर्षी निवडणुका झाल्यावर पुढची निवडणूक १९७९ साली आणि त्यानंतरची थेट १९९२ साली झाली. अशा चालढकलीला आळा बसावा म्हणूनच त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे घटनेचे शब्द आहेत. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले होते. घटनेत कलम आले, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला, तरी वर्षे तशीच निघून गेली. कायद्याने दार उघडले, पण उंबरठा तसाच राहिला.

प्रशासकाच्या बाजूने

प्रशासकाच्या राजवटीत फायली लवकर निघतात, गटबाजी नसते, टक्केवारीची कुजबुज कमी होते, असे म्हटले जाते. यात काहीच तथ्य नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अनेक सदस्यांनी सभागृहाचा उपयोग कंत्राटे आणि बदल्या यांच्यासाठी केला, हे शिक्षकांइतके दुसरे कोण जाणते? तथापि, प्रशासक म्हणून बसतो तो मुख्य कार्यकारी अधिकारीच. म्हणजे प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच. वाईट सदस्याला पाच वर्षांनी घरी बसवता येते. चांगल्या अधिकाऱ्याचीही बदली लोक थांबवू शकत नाहीत. शिवाय सदस्यांची सत्ता गेली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती वर सरकते आणि पालकमंत्री व आमदार यांच्या शिफारशींत जाऊन बसते. जिल्हा नियोजन समितीचे चारपंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून यावेत, अशी घटनेची तरतूद आहे. संस्थाच रिकाम्या असतील तर ते चारपंचमांश येणार कोठून?

आर्थिक बाजूही आहे. जमीन महसुलावरील उपकरासारखी जिल्हा परिषदेची स्वतःची साधने तुटपुंजी आहेत. बहुतेक पैसा अनुदानाचा. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने निवडून आलेली संस्था ही अनुदानाची अट केली. म्हणजे निवडणूक न घेण्याची किंमत रोखीतही मोजावी लागते, आणि ती मोजतो तो खेड्यातील माणूस.

अंतर कोणते कमी करायचे?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ब्रह्मपुरी चंद्रपुरातच राहिली. जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक दूर, तर वैनगंगेपलीकडचे गडचिरोली त्या मानाने बरेच जवळ. लोकसभेचा मतदारसंघ गडचिरोली-चिमूर, जिल्हा परिषद चंद्रपूरची. स्वतंत्र ब्रह्मपुरी जिल्ह्याची मागणी या विसंगतीतून जन्मली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु नवा जिल्हा म्हणजे प्रथम नव्या इमारती, नवी पदे आणि नवा खर्च. तलावाची पाळ त्याने आपोआप उंच होत नाही. पंचायत समितीला हक्काचा निधी आणि लहान कामे ठरवण्याचा पूर्ण अधिकार मिळाला, तर जनपद सभेचा हेतू निम्म्या खर्चात साध्य होईल.

याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यामागे गावाने वर्षानुवर्षे घेतलेल्या बैठका होत्या, सर्वसंमतीने निर्णय करण्याची सवय होती. वनहक्क कायदा ब्रह्मपुरीलाही लागू आहे. सवय मात्र कायद्याने येत नाही.

ती सवय लावण्याचे काम तालुक्यातील सुशिक्षित वर्गाचे आहे. ज्या शिक्षकाचा पगार जिल्हा परिषदेच्या खात्यातून निघतो, जो कारकून तिची फाईल हलवतो आणि जो विद्यार्थी तिच्या शाळेत शिकून महाविद्यालयात आला, त्यांनी निवडणूक केव्हा, हा प्रश्न विचारणे सोडता कामा नये. आणि निवडणूक होईल तेव्हा जातीची बेरीज मांडण्याआधी उमेदवाराला एवढेच विचारावे, की गटात तलाव किती, त्यांपैकी फुटके किती, आणि पाणी कमी पडले तर पहिला हक्क कोणाचा? उत्तर देता येत नसेल, तर तो उमेदवार त्या खुर्चीच्या योग्यतेचा नाही.