डॉल्फिन दिसला की उठायचं नाही!

आजचा एपिसोड थोडा कबुलीजबाबासारखा आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही मालवणला गेलो होतो. आई, ताई, सात वर्षांची भाची आणि मी. सकाळी डॉल्फिन बघायला बोटीत बसलो. लाइफ जॅकेटं मिळाली होती. भाचीला मोठ्यांच्या मापाचं घातलेलं. माझं? मी ते बुडाखाली घेतलं होतं. बाकडं कडक होतं ना!

थोड्या वेळाने कुणीतरी ओरडलं, "तो बघा!" पहिला उठलो तो मी, हातात मोबाइल. माझ्यामागे सगळेच उजव्या बाजूला. बोट अशी कलली की पाणी काठाला टेकलं. नाखवा ओरडले, "बसा मरे खाली!" आम्ही बसलो. काही झालं नाही. पण भाचीने आईचा हात घट्ट धरला होता आणि ते जॅकेट तिच्या कानांपर्यंत वर आलं होतं.

हॉटेलवर आल्यावर मी आधी नाखव्यांच्याच नावाने बोटं मोडली. मग इंजिनिअर डोकं चालू झालं आणि कळलं, चूक माझी होती.

आता गणित बघू. समजा बोट 10 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद आहे, पूर्ण आयताकृती. म्हणजे पाण्यावर तिचं क्षेत्रफळ 30 चौरस मीटर. त्यात 60 किलोची 15 माणसं जास्त भरली, तर वजन वाढलं 900 किलो. बोट किती खाली जाईल? फक्त 3 सेंटीमीटर! म्हणूनच "अजून चार जण चालतील" हे खरं वाटतं. डोळ्यांना धोका दिसतच नाही.

पण धोका फक्त वजनात नसतो, ते वजन कुठे आहे यातही असतो. माणसं उभी राहिली की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. एका बाजूला गेली की तो बाजूलाही सरकतो. बोट कलली की पाणी तिला परत सरळ करायला बघतं, पण त्याला मर्यादा असते. काठ पाण्याखाली गेला आणि पाणी आत शिरलं की खेळ काही सेकंदांत संपतो.

30 सप्टेंबर 2009 ला केरळमधल्या तेक्कडीला 'जलकन्यका' ही डबल डेकर बोट उलटली आणि 45 जण गेले. काठावरचे प्राणी बघायला लोक एका बाजूला सरकले होते. बोटीत इतर दोषही होतेच, पण शेवटचा धक्का साध्या उत्सुकतेने दिला. वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. तिथे तर साधा तलाव होता!

"मला पोहता येतं" हे उत्तर इथे कामाचं नाही. पोहता येणाऱ्याचंही डोकं आपटू शकतं, घाबरलेला माणूस गळ्यात पडू शकतो. डोकं पाण्यावर ठेवायला मोठ्या माणसाला साधारण 3 ते 5 किलोचाच जास्तीचा आधार लागतो, आणि तो जॅकेट देतं. अट एकच: ते अंगावर हवं, सगळे बकल लावलेले हवेत. बुडाखालचं जॅकेट म्हणजे नुसती उशी.

लहान मुलांसाठी एक सोपी टेस्ट. जॅकेट घालून बकल लावा, खांद्यापाशी धरून वर ओढा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप मोठं आहे. दुसरं मागा. नसेल तर मूल घेऊन बोटीत बसू नका.

परवाना तपासणं, बोट नीट ठेवणं ही मालकाची आणि सरकारची जबाबदारी, ती सुटत नाही. पण बोटीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचणं, बोट भरलेली असेल तर पुढच्या फेरीला थांबणं आणि बसून राहणं, हे आपल्या हातात आहे.

डॉल्फिन काय, बसूनही दिसतो. फोटो थोडा तिरका येईल, येऊ दे.

हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका, ट्रिपच्या आधी. भेटू पुढच्या वेळी!